हाताची मात्रा : अभ्यंगातील स्पर्श आणि दाब यांचा विचार

औषधयोजना करताना आपण द्रव्य, कल्पना, मात्रा, अनुपान आणि काल या पाचही गोष्टींचा विचार करतो. गुग्गुळाच्या दोन गोळ्या जेवणापूर्वी घ्यावयाच्या की नंतर, कोमट पाण्याबरोबर की क्वाथाबरोबर, हे सांगितल्याशिवाय कोणीही वैद्य रुग्णाच्या हाती चिठ्ठी देत नाही. परंतु त्याच चिठ्ठीच्या तळाशी ‘सर्वांग अभ्यंग, महानारायण तेल, ७ दिवस’ एवढे लिहून आपण मोकळे होतो. तेलाचे नाव असते, दिवसांची संख्या असते. हाताविषयी मात्र एक अक्षरही नसते. दाब मृदू असावा की गाढ, कोठे द्यावा, कोठे मुळीच देऊ नये, एका ठिकाणी हात किती वेळ थांबावा, हे सर्व आपण परिचारकावर सोपवितो. प्रस्तुत लेखात याच उणिवेचा विचार करावयाचा आहे. दाब हेही एक औषध आहे, त्यालाही मात्रा आहे आणि ती ठरविण्याची जबाबदारी वैद्याची आहे, असे आमचे नम्र प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन आम्हांस ग्रंथवाचनाने सुचले नाही. आमच्याच हातून घडू पाहणाऱ्या एका चुकीने ते शिकविले. म्हणून प्रथम तो अनुभव सांगतो.

एक रुग्णानुभव

काही वर्षांपूर्वी धुळे-सुरत मार्गावर मालट्रक चालविणारा, सुमारे ४० वर्षे वयाचा एक रुग्ण आमच्याकडे आला. घोट्याला इजा झाल्याने त्याचा डावा पाय महिनाभर प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघून चार दिवस झाले होते. पोटरीत वेदना, पाय जड, उभे राहिले की ताण, अशी लक्षणे तो सांगत होता. महिनाभर पाय बांधलेला असल्याने स्तंभ व संकोच होणारच, असे गृहीत धरून आम्ही ‘अधःशाखा अभ्यंग व पत्रपिंडस्वेद’ असे लिहिले आणि पुढील रुग्णाकडे वळलो.

आमच्या पंचकर्म कक्षात अनेक वर्षे काम करणारे परिचारक तालमीत वाढलेले आहेत. सारेजण त्यांना ‘पहिलवान काका’ म्हणतात. दहाच मिनिटांत ते बाहेर आले आणि म्हणाले, “सर, तेल लावलंय, पण दाबत नाही. तुम्ही एकदा या पायाला हात लावा.” आम्ही आत गेलो. डावी पोटरी उजवीपेक्षा स्पष्टपणे जाड होती, स्पर्शाला उष्ण होती, त्वचा ताणलेली होती आणि बोटाने दाबले असता खड्डा पडत होता. अभ्यंग तेथेच थांबविला. डॉपलर तपासणीत गुडघ्याच्या वरपर्यंत खोल शिरेत रक्ताची गुठळी आढळली. रुग्णाला तत्काळ रुग्णालयात पाठविले. रक्त पातळ करणारी औषधे त्याने काही महिने घेतली आणि आज तो पूर्ववत गाडी चालवितो आहे.

त्या दिवशी पोटरीवर नेहमीच्या पद्धतीने अंगठ्यांचा गाढ दाब पडला असता तर काय झाले असते, याची कल्पना आजही अस्वस्थ करते. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाणे हा प्राणघातक उपद्रव आहे. २०१६ साली दिल्लीत एका तरुणाचा असाच मृत्यू झाला. घोट्याच्या इजेसाठी घातलेले प्लास्टर निघाल्यावर पाय दुखतो म्हणून घरी तेल लावून पाय चोळला गेला आणि गुठळी फुप्फुसात पोहोचली. दिल्लीच्या एम्समधील तज्ज्ञांनी ती घटना पुढे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. चोळणारा हात मायेचा होता. दाब मात्र अस्थानी होता.

आमची चूक कोणती झाली? आम्ही पाय पाहिला, प्रश्न विचारले. स्पर्श केला नाही. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेतील मधली परीक्षा आम्ही गाळली आणि ती आमच्या परिचारकाने पूर्ण केली.

आधी परीक्षा, मग चिकित्सा

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात अभ्यंगाचे माहात्म्य सांगताना एक मूलगामी विचार मांडला आहे. स्पर्शनेंद्रियात वायूचे आधिक्य असते आणि हे इंद्रिय त्वचेच्या आश्रयाने राहते. म्हणून त्वचेवर केलेला अभ्यंग वायूवर थेट कार्य करतो, असा त्या विवेचनाचा आशय आहे. तेल मुरलेला घडा, तेल पाजलेले चामडे आणि वंगण घातलेला गाड्याचा आस हे तीन दृष्टान्तही तेथेच येतात. आपल्या खानदेशात बैलगाडीचा आस कोरडा राहिला तर काय होते, हे शेतकरी रुग्णाला समजावून सांगावे लागत नाही.

परंतु या विचाराची दुसरी बाजू आपण विसरतो. वायू जसा रुग्णाच्या त्वचेत आहे तसाच तो परिचारकाच्या तळहातातही आहे. तेल लावण्याच्या निमित्ताने हात सर्व शरीरावरून फिरतो. उष्ण-शीत, मृदू-कठीण, स्निग्ध-रूक्ष, सुप्ती, शोथ, ग्रंथी, स्फुरण हे सर्व त्या हाताला कळू शकते. म्हणून अभ्यंगाची पहिली पाच मिनिटे केवळ मृदू स्पर्शाची असावीत. दोन्ही बाजूंची तुलना करावी, रुग्णाचा श्वास पाहावा, कोणत्या जागी तो अंग आखडून घेतो हे टिपावे. गाढ दाब त्यानंतर, गरज असेल तरच.

पोटरीविषयी एक साधी मोजणी प्रत्येक पंचकर्म कक्षात रूढ व्हावी. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर फीतने मोजावा. दुखऱ्या बाजूचा घेर ३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असेल तर खोल शिरेतील गुठळीचा संशय घ्यावा. घेरातील फरक कमी असला तरी एकाच पायाला शोथ, उष्णता आणि अलीकडील प्लास्टर, शस्त्रकर्म, प्रसूती किंवा दीर्घ प्रवास असा इतिहास असल्यास तपासणी होईपर्यंत अभ्यंग व स्वेद दोन्ही करू नयेत. या मोजणीला एक मिनिट लागते आणि खर्च शून्य आहे.

हस्तक्रियांचे शास्त्रोक्त प्रकार

व्यवहारात आपण तेल लावण्याच्या सर्व क्रियांना ‘मालीश’ किंवा ‘अभ्यंग’ म्हणतो. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २४व्या अध्यायात मात्र या क्रियांची स्वतंत्र नावे आणि स्वतंत्र गुण सांगितले आहेत. त्यांतील मुख्य भेद हा दाबाचा, दिशेचा आणि स्नेह आहे की नाही याचा आहे.

अभ्यंगात स्नेह प्रधान आहे. हात हा स्नेह पोहोचविण्याचे साधन आहे. दाब समान, गती सावकाश, दिशा सामान्यतः अनुलोम आणि सांध्यांवर वर्तुळाकार असावी.

मर्दनात दाब प्रधान आहे. मांसधातूपर्यंत पोहोचणारा, पिळणारा, रगडणारा हात येथे अपेक्षित आहे. हे कर्म बलवान, व्यायामशील, दीप्ताग्नी व्यक्तीसाठी आहे.

संवाहन म्हणजे सुखकर, हलका दाब देत अंग चेपणे. हे कर्म प्रीती व निद्रा देणारे, श्रम हरण करणारे, कफवात कमी करणारे आणि त्वचा, रक्त, मांस यांना प्रसन्न करणारे आहे, असे सुश्रुतांचे मत आहे. वृद्ध, कृश, चिंताग्रस्त आणि निद्रानाशाच्या रुग्णांमध्ये संवाहनाइतके निर्दोष कर्म दुसरे नाही, आणि आपल्या चिठ्ठ्यांवर ते जवळजवळ कधीच आढळत नाही.

उद्वर्तन चूर्णाने व प्रतिलोम दिशेने करावयाचे असून कफ व मेद यांचे विलयन हा त्याचा हेतू आहे. स्नेहयुक्त कल्काने चोळणे ते उत्सादन, आणि स्नेहरहित चूर्णाने घासणे ते उद्घर्षण, असा भेद टीकाकारांनी केला आहे.

युरोपात या क्रियांचे वर्गीकरण बरेच पुढे झाले. ‘स्वीडिश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः पेर हेनरिक लिंग (१७७६-१८३९) यांना दिले जाते. तथापि घासणे, मळणे, थोपटणे अशा तिच्यातील क्रियांची आज प्रचलित असलेली नावे डच वैद्य मेझगर (१८३८-१९०९) यांच्या परंपरेतून आली. जपानमध्ये नामिकोशी यांनी अंगठ्याच्या दाबावर आधारलेली शिआत्सू पद्धती विसाव्या शतकात रूढ केली. या पद्धतींच्या पाठ्यपुस्तकांत दाबाचे प्रमाण, कोन आणि कालावधी काटेकोरपणे लिहिलेले असतात. आपल्याकडे नावे प्राचीन आहेत, त्यांचा नित्य वापर मात्र सुटला आहे.

दाब किती आणि किती वेळ

वाग्भटाचार्यांनी दिनचर्येत व्यायामानंतर सर्वांगाचे मर्दन सांगताना ‘अनुसुख’ असा एक शब्द योजला आहे. आमच्या मते दाबाच्या मात्रेचे सर्व सार या एका शब्दात आहे. रुग्णाला सुखकर वाटेल तेथवरच दाब न्यावा. ‘जितके दुखेल तितके बरे होईल’ ही समजूत तालमीतून आली असावी, ती शास्त्रातून आलेली नाही. वेदनेने रुग्ण अंग आखडतो, स्नायू अधिक घट्ट होतो, वायू अधिक कुपित होतो आणि मग परिचारक आणखी जोर लावतो. दुसऱ्या दिवशी अंगावर काळेनिळे डाग उमटतात, आणि रुग्ण पुन्हा येत नाही.

व्यवहारासाठी आम्ही पुढील पद्धत ठेवली आहे. रुग्णाला सांगावे की, ‘शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, दाब देताना तुमचा आकडा सांगा.’ आकडा चारच्या वर जाऊ देऊ नये. जो रुग्ण संकोचाने आकडा सांगत नाही, त्याचा श्वास पाहावा. श्वास रोखला गेला, कपाळाला आठी पडली, पायाची बोटे आवळली गेली की मात्रा अधिक झाली असे समजावे.

कालाविषयी सुश्रुतसंहितेवरील डल्हणाचार्यांच्या टीकेत उपयुक्त मार्गदर्शन आहे. स्नेह ३०० मात्रा काळात रोममूळापर्यंत, ४०० मात्रांत त्वचेत, ५०० मात्रांत रक्तात, ६०० मात्रांत मांसात, ७०० मात्रांत मेदात, ८०० मात्रांत अस्थीत आणि ९०० मात्रांत मज्जेपर्यंत पोहोचतो, असा तो क्रम आहे. एक मात्रा सेकंदाच्या सुमारे तिसऱ्या भागाएवढी धरली तर ९०० मात्रा म्हणजे पाच मिनिटे होतात. तेल अक्षरशः पाच मिनिटांत मज्जेत उतरते असा याचा अर्थ घेण्याचे कारण नाही. व्याधी जितक्या खोल धातूत, तितका एका अवयवावर हात अधिक काळ राहावा, हा त्यातील चिकित्सासूत्राचा भाग आहे. सात अवस्थांमध्ये एकेका अवयवाला पाच मिनिटे दिली तर सर्वांग अभ्यंगाला पाऊण तास सहज लागतो. वीस मिनिटांत उरकलेला अभ्यंग हा तेल लावण्याचा उपचार झाला, तो चिकित्सा झाला असे म्हणता येत नाही.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञानानेही गती आणि दाब यांचे वेगवेगळे कार्य दाखविले आहे. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलेल्या द्वारसिद्धान्तानुसार स्पर्शाच्या जाड नाडीतंतूंचे संदेश मज्जारज्जूच्या पातळीवर वेदनेच्या संदेशांना अटकाव करतात. आपटलेला भाग आपण आपोआप चोळतो, त्याचे हे स्पष्टीकरण आहे. केसाळ त्वचेत असे काही सूक्ष्म तंतू आढळले आहेत की, जे प्रतिसेकंद १ ते १० सेंटिमीटर इतक्या सावकाश फिरणाऱ्या हाताला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि सुखाची संवेदना निर्माण करतात. खांद्यापासून मनगटापर्यंत हात नेण्यास सुमारे दहा सेकंद लागावेत, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होतो. दाब ओळखणाऱ्या पेशीद्वारांच्या शोधाबद्दल पॅटापुटियन यांना, तर उष्णतेच्या संवेदनेवरील संशोधनाबद्दल ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक संयुक्तपणे मिळाले. स्पर्शाचा विषय आता गौण राहिलेला नाही.

अति मृदू स्पर्शही नेहमी उपयोगी पडत नाही. अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी १९८६ साली अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. १० दिवस, दररोज तीन वेळा, प्रत्येकी १५ मिनिटे हस्तस्पर्श व अवयवांच्या हालचाली दिलेल्या अर्भकांचे वजन इतरांपेक्षा ४७ टक्के अधिक वेगाने वाढले. पुढील अभ्यासांत हा लाभ मध्यम दाबाने मिळतो, केवळ हलक्या गोंजारण्याने मिळत नाही, असे दिसून आले. मुंबईतील नवजात अर्भकांवर झालेला आणि २००५ साली ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये आलेला अभ्यास आपल्या दृष्टीने आणखी जवळचा आहे, त्यात खोबरेल तेलाने मालीश केलेल्या बाळांची वजनवाढ खनिज तेलाच्या तुलनेत सरस आढळली. म्हणजे हात आणि द्रव्य या दोहोंनाही महत्त्व आहे.

मर्मे : दाबण्याच्या जागा की जपण्याच्या

अलीकडे ‘मर्मचिकित्सा’ या नावाने अनेक शिबिरे होतात आणि १०७ मर्मांचे तक्ते भिंतीवर लावले जातात. याबाबत थोडे स्पष्ट लिहावेसे वाटते. सुश्रुतांच्या शारीरस्थानातील सहावा अध्याय हा आघाताचा आणि शस्त्रकर्माचा अध्याय आहे. १९ सद्यःप्राणहर, ३३ कालान्तरप्राणहर, ३ विशल्यघ्न, ४४ वैकल्यकर आणि ८ रुजाकर ही विभागणीच सांगते की, येथे आघात झाला तर काय होईल याचा तो विचार आहे. मर्मांवर दाब देऊन चिकित्सा करण्याची परंपरा मुख्यतः केरळ व तमिळ प्रदेशातील युद्धविद्येच्या आखाड्यांतून आली. ती मौल्यवान आहे, पण तेथे ती गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षे शिकावी लागते.

म्हणून तक्ता पाहून अंगठा लावण्यापूर्वी मर्माचा मूळ अर्थ आठवावा. पोटरीच्या मध्यावरील इंद्रबस्ती हे मांसमर्म कालान्तरप्राणहर गटातील असून तेथील आघाताने रक्तक्षय होऊन मृत्यू ओढवतो, असे सुश्रुत सांगतात. आमचा ट्रकचालक रुग्ण ज्या जागी वाचला, ती हीच जागा होय. ग्रीवेच्या पुढील व बाजूच्या भागात नीला, मन्या आणि मातृका ही मर्मे आहेत. तेथे गाढ दाब कधीही देऊ नये. केशकर्तनालयात चंपीनंतर मान झटक्याने मोडण्याची जी प्रथा आहे, तिच्यामुळे मानेतील धमनीच्या आतील स्तराला चीर पडून पक्षाघात होऊ शकतो. आपल्या रुग्णांना हे आवर्जून सांगावे.

खानदेशातील परंपरा

जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार या आपल्या प्रदेशात स्पर्शचिकित्सेची लोकपरंपरा समृद्ध आहे. तिची कुचेष्टा करू नये, आणि तिला आंधळेपणाने मानही देऊ नये.

पाठीत उसण भरली की पायाळू माणसाच्या पायाचा स्पर्श करवून घेण्याची चाल आजही खेड्यांत आहे. उसणीचे बहुसंख्य रुग्ण काही दिवसांत ते काही आठवड्यांत स्वतःहून बरे होतात. पायाचा मृदू स्पर्श, बरे होण्याचा विश्वास आणि त्यानंतर रुग्ण निर्भयपणे करू लागलेली हालचाल यांनी ते लवकर बरे होत असतील, तर त्यात आश्चर्य नाही. पण स्पर्शाच्या जागी लाथ आली की प्रकरण बदलते. वृद्ध स्त्रीच्या पाठीतील ‘उसण’ ही कधीकधी ठिसूळ मणका दबल्याची वेदना असते. साठीपुढील वय, साध्या खोकल्याने किंवा वाकण्याने अचानक उद्भवलेली वेदना, दीर्घकाळ स्टिरॉइडचे सेवन, यांपैकी काहीही असल्यास क्ष-किरण तपासणीपूर्वी पाठीवर दाब देऊ नये.

बाळ-बाळंतिणीचे मालीश करणाऱ्या सुईणींचा हात अनेकदा आपल्यापेक्षा अधिक जाणता असतो. सूतिकेच्या उदरावर स्नेह लावून वस्त्राने पट्टबंधन करण्याचा चरकोक्त उपक्रम त्यांनी घराघरांत टिकविला. परंतु काही गोष्टी थांबविणे आपले कर्तव्य आहे. जन्मल्यानंतर काही दिवस बाळाच्या स्तनांना मातेच्या संप्रेरकांमुळे सूज येते. ती दाबून ‘दूध काढण्याची’ प्रथा विद्रधीला निमंत्रण देते. बाळाचे डोके दाबून गोल करणे, नाक ओढणे, कानात-नाकात तेल सोडणे, पाय धरून उलटे टांगणे हेही त्याज्य आहे. सीझर झालेल्या मातेच्या उदरावर टाका पूर्ण भरेपर्यंत मर्दन नको. सुईणीला रागावून हे होत नाही. आम्ही तिला बोलावून, तिच्याच हाताने बाळाला तेल लावावयास सांगतो आणि तेथेच दोन गोष्टी समजावतो. “मावशी, हात तुमचाच चांगला, फक्त एवढ्या चार जागा सोडा,” असे म्हटले की ती ऐकते.

काशाच्या वाटीने तळपाय घासणे हा आणखी एक घरगुती उपचार होय. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा रात्री तूप लावून वाटी फिरविली की डोळ्यांची व तळव्यांची आग शमते आणि झोप लागते, असा अनुभव आहे. पादाभ्यंगाचे खरत्व, स्तब्धता, श्रम व सुप्ती कमी करणारे आणि दृष्टीला हितकर असे गुण चरकांनी सांगितलेच आहेत. मात्र तळव्याला येणारा काळपट रंग म्हणजे ‘बाहेर पडलेली उष्णता’ नव्हे. काशातील तांबे, स्निग्ध द्रव्य आणि घाम यांच्या संयोगातून तो येतो. रुग्णाला खरे सांगितल्याने उपचाराचे मोल कमी होत नाही. मधुमेही रुग्णाच्या तळव्याला सुप्ती असेल तर वाटीची कड आणि दाब दोन्ही जपून वापरावेत. घासून झालेली जखम त्याला कळत नाही.

रावेर-यावल भागात केळीचे घड डोक्या-खांद्यावरून वाहणारे मजूर, कापूस वेचणीला दिवसभर वाकणाऱ्या स्त्रिया आणि मैलोगणती गाडी चालविणारे चालक हे आपले नित्याचे रुग्ण होत. ‘आंग दुखस’ एवढीच त्यांची तक्रार असते. त्यांचे स्नायू अतिश्रमाने थकलेले असतात. अशा वेळी त्यांना मर्दनाने अधिक थकवू नये. पहिले दोन-तीन दिवस संवाहन, नंतर मध्यम दाबाचा अभ्यंग आणि शेवटी, कठीण झालेल्या स्नायूगाठीवर सहन होईल असा स्थिर दाब, हा क्रम आम्हांस लाभदायक वाटला. ग्रीष्मात देहबल हीन असते, म्हणून या ऋतूत गाढ मर्दन टाळावे.

निषेध

संहितांनी सांगितलेले निषेध आपणांस ज्ञात आहेत : साम अवस्था, नवज्वर, अजीर्ण, तसेच वमन, विरेचन वा निरूह नुकताच झालेला असणे. यांना आजच्या काळात पुढील गोष्टी जोडाव्या लागतील.

रक्त पातळ करणारी औषधे घेणारे रुग्ण, खोल शिरेतील गुठळीचा संशय, अलीकडचा अस्थिभंग, अस्थिसौषिर्य, अर्बुदाचा अस्थीत प्रसार, संसर्गयुक्त त्वचा, कारण न समजलेला ज्वर वा क्षीण होत जाणारे वजन. यांतील काही अवस्थांत संवाहन चालेल, काहींत हात लावणेही नको. पण गाढ दाब यांपैकी एकाही अवस्थेत देऊ नये. अँजिओप्लास्टी झालेले अनेक रुग्ण आज आपल्याकडे गुडघेदुखीसाठी येतात. ते कोणत्या गोळ्या घेतात, हे विचारल्याशिवाय अभ्यंग लिहू नये.

औषधविक्रेते बंधूंसाठी

वेदनेवरील तेलांचा मोठा भाग वैद्याच्या चिठ्ठीशिवाय थेट दुकानातून जातो. रुग्णाचा पहिला सल्लागार बहुधा आपणच असता. म्हणून तीन विनंत्या.

पहिली, तेल देताना ते कोणासाठी आणि किती दिवसांच्या वेदनेसाठी आहे, एवढे विचारावे. एकाच पायाची सूज, पडल्यानंतरची वेदना आणि वेदनेबरोबर ज्वर असल्यास तेल न देता रुग्णाला वैद्याकडे पाठवावे. एक बाटली कमी खपेल, पण गिऱ्हाईक कायमचे जोडले जाईल.

दुसरी, विषगर्भासारख्या तेलांत वत्सनाभादी विषद्रव्ये असतात. फुटलेल्या त्वचेवर व बालकांना ते लावू नये, लावल्यावर हात स्वच्छ धुवावेत, हे तोंडी सांगावे. बाटलीवरील बारीक अक्षरे ग्रामीण ग्राहक वाचत नाही.

तिसरी, प्रत्येक बाटलीबरोबर मराठीत एक लहान चिठ्ठी द्यावी : तेल कोमट करावे, हात सावकाश फिरवावा, दुखेल इतके दाबू नये, एका पायाला सूज असल्यास चोळू नये. चार ओळींची ही चिठ्ठी छापण्यास फारसा खर्च नाही.

उपसंहार

आम्ही आमच्या केसपेपरवर आता अभ्यंगासाठी पाच रकाने ठेवले आहेत : कर्म, स्नेह, दाब, काल आणि वर्ज्य स्थान. उदाहरणार्थ, ‘संवाहन, क्षीरबला तेल, दाब मृदू, ३० मिनिटे, वर्ज्य – डावी पोटरी, उदर’. लिहिण्यास अर्धा मिनिट लागतो. परंतु तो रकाना भरावयाचा म्हटला की रुग्णाला हात लावावाच लागतो, हा त्याचा खरा लाभ आहे. सहावा रकाना परिचारकासाठी आहे : ‘हाताला काय जाणवले?’ पहिलवान काका त्यात मोडक्यातोडक्या अक्षरांत लिहितात, आणि आम्ही तो दररोज वाचतो.

अंकाच्या वाचक वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी हे रकाने आपापल्या ठिकाणी वापरून पाहावेत, त्यांत उणिवा आढळल्यास कळवाव्यात. आपल्या परिचारकांचे हात हे आपल्या चिकित्सालयातील सर्वांत जुने यंत्र आहे. त्याला मात्रा सांगणे आणि त्याचे म्हणणे ऐकणे, दोन्ही आपल्याकडेच आहे.

इति अलम्।